मानस

चौदा चाचण्या आहेत माझ्याकडे.
तेरा घेतल्या तर औषध जीव वाचवतं.
चौदा घेतल्या तर ठाऊक नाही.

बांबोळीला, तिसऱ्या मजल्यावर, रात्रीचे पावणेबारा.
खाली कॅज्युअल्टीत कुणाचं तरी स्ट्रेचर घासटतं आहे.
पडद्यावर उभी रेघ, रेघेच्या आजूबाजूला चौकोन,
प्रत्येकाला दोन्हीकडे मिशा.
चाचणी लहान तितक्या मिशा लांब,
नक्की काही माहीत नसलेल्या माणसाचं बोलणं असतं तशा.
आणि सगळ्यांच्या तळाशी एक शंकरपाळी.
ती रेघेला शिवते की नाही,
एवढंच विचारणार आहेत सगळे.

इव्हेतला नववी नको.
'कुणाला कुठली गोळी, नर्सना माहीत होतं,' ती म्हणते.
खरं आहे.
पण सहावीतही माहीत असणार,
त्यांनी फक्त ते लिहिलं नाही,
आणि सहावी आपल्या बाजूची आहे.
हे मी बोलले नाही.

अकरावीत तर औषधाच्या गटात कुणीच मेलं नव्हतं.
शून्यापाशी गणित अडतं,
म्हणून रीत अशी की प्रत्येक रकान्यात अर्धा मिळवायचा.
मी मिळवला.
मंगळवारी, जेवणाआधी,
अर्धा माणूस मेला माझ्या हातून,
जिथे सगळे आपल्या पायांनी घरी गेले होते तिथे.
त्याला नाव नाही.
उरलेला अर्धा कुठे असेल,
हे मला त्या दिवशी आमटी वाढून घेताना सुचलं.

सगळ्यांमागे एकच सत्य आहे असं मानलं
तर शंकरपाळी आक्रसते.
गावोगावचं सत्य थोडं वेगळं असं मानलं
तर ती पसरते, रेघेवर पाय टाकते.
मानलं तर. मानलं तर.
दिवसभर हाच शब्द तोंडात,
आणि आमच्या कुडक्याला
खाजनाच्या बांधातल्या दाराला मानस म्हणतात.

भरतीला ते दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं.
मधल्या वेळात रुझार जे करायचा ते करायचा:
दोन फळ्या काढायचा, एक ठेवायचा,
कधी तीनही,
आणि तोंडाशी जाळं बांधून बांधावर बसायचा.
सकाळी टोपलीत सुंगटं निघाली
की लोक म्हणत, खाडीत सुंगटं आली.
शेवटे निघाले की म्हणत, यंदा शेवट्यांचं साल.
फळ्या कुणी मोजल्याचं मला आठवत नाही.
मी एकदा विचारलं होतं त्याला,
काल इतकी कमी कशी?
'उदक दर्याचें, दार म्हजें,'
म्हणाला, आणि वारा चुकवून विडी पेटवायला वळला.

बारा वाजून गेल्यावर जुनी फाइल उघडली.
गेल्या वर्षीची, एकही आकडा पाहिला नव्हता तेव्हाची,
आमचा दोघींचा शब्द, तारखेसकट:
रुग्णाला गोळी ओळखू आली असेल तर चाचणी वगळू.
रुग्णाला.
नर्सचं नाव नाही.
किती शहाण्या होतो आम्ही,
आणि एक फळी कशी विसरलो.

इव्हेतला फोन केला. जागीच होती.
'दोन्ही छापू,' मी म्हटलं, 'तेरा पण, चौदा पण.
काय काढलं, का काढलं, सगळं.'
'आणि वॉर्डातल्या पोराला काय सांगू?
तो विचारणार, देऊ की नको.'
मी गप्प.
मग तिने हळूच विचारलं,
'तुला काय निघायला हवं होतं गो?'

माझी आई चार वर्षं तीच गोळी घेते,
सकाळी, पेजेनंतर.
हे कुठल्याच रकान्यात नाही.

इव्हेत वाट पाहत राहिली.
मी तिला सांगितलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, लिही.
कुठे लिहू, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

एका फाइलला नाव दिलं चौदा,
दुसरीला तेरा.
एव्हाना ओहोटी लागली असेल कुडक्याला.
इथून ऐकू येत नाही.